आधी पोटोबा, मग पीटी

आपल्या शाळेत एक समज फार पक्का आहे: रिकाम्या पोटी धावतो तोच खरा कॅडेट. पहाटेच्या चहाबरोबर कोणी तिसरे बिस्किट उचलले, तरी काही सिनिअर त्याच्याकडे 'घरचा लाडका' अशा नजरेने बघतात. माझे मत स्पष्ट आहे. हा समज चुकीचा आहे, आणि पीटीच्या आधी प्रत्येक कॅडेटला चहाबरोबर एक केळे मिळाले पाहिजे. हे मत मी आळसापोटी मांडत नाही. पीटी मला आवडते, म्हणूनच मांडतो.

आधी साधा हिशेब करू. रात्रीचे जेवण ८ वाजता. पहाटे ५ ला शिट्टी, ५:२० ला चहा आणि दोन मारी बिस्किटे, ५:४५ ला फॉल-इन. नाश्ता ७:४५ ला. म्हणजे जेवणापासून नाश्त्यापर्यंत जवळजवळ बारा तास जातात. त्यात धावणे, पुश-अप्स, दोरावर चढणे हे सगळे येते, आणि पोटात नवीन पडते काय? चहातली साखर आणि दोन बिस्किटांच्या जेमतेम ५० कॅलरी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये आहाराचे जे आकडे दिले, त्यांनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २८६० कॅलरी लागतात. मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या मोठ्या माणसाला लागतात २७१०. म्हणजे नववीतल्या मुलाची गरज त्याच्या वडिलांपेक्षाही जास्त असू शकते, कारण त्याला नुसते काम करायचे नसते, वाढायचेही असते. ही गरज तीन जेवणांत भागवणे कठीण आहे. पहाटेचा तास त्यात रिकामा सोडणे परवडणारे नाही.

आता शरीरात काय होते ते बघू. आपण खाल्लेल्या पोळी-भातातली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. मोठा साठा स्नायूंमध्ये असतो आणि लहान साठा यकृतात, साधारण १०० ग्रॅमच्या आसपास. रात्री आपण झोपतो, पण मेंदू झोपत नाही. त्याला साखर पुरवण्यात यकृतातला बराचसा साठा सकाळपर्यंत खर्च होतो. स्नायूंमधला साठा मात्र झोपेत फारसा हलत नाही. यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, सकाळचे पाय आदल्या दिवशीच्या जेवणावर पळतात. दुसरी, डोके हलके होणे, अंधारी येणे, हात थरथरणे हे टाळायचे असेल, तर उठल्यावर थोडे काही पोटात जाणे चांगले.

गेल्या वर्षी इंटर-हाऊस क्रॉस कंट्रीच्या वेळी आठवीतला एक कॅडेट तिसऱ्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसला. अंगाला थंड घाम, बोटे थरथरत होती. मागून येणारा कोणीतरी म्हणाला, "याच्यात दमच नाही." दम नाही कसा? महिन्यापूर्वी हेच अंतर त्याने हाऊसमध्ये चौथ्या नंबरने काढले होते. एमआय रूमच्या नर्सिंग असिस्टंटने त्याला साखरेचे पाणी पाजले आणि एकच प्रश्न विचारला, "रात को खाना खाया था?" खाल्ले नव्हते. मेसमध्ये टिंड्याची भाजी होती म्हणून त्याने अर्धी पोळी खाऊन ताट सारले होते. पंधरा मिनिटांत तो उठून उभा राहिला. पण 'दम नाही' हा शिक्का पुसायला त्याला पूर्ण टर्म लागली. मला राग येतो तो याच गोष्टीचा. जे पोटाचे काम होते, ते आपण त्याच्या हिमतीच्या नावावर लिहून टाकले.

माझ्या मताविरुद्ध दोन मुद्दे नेहमी मांडले जातात. पहिला म्हणजे, खाऊन धावले की उलटी होते, पोटात कळ येते. हे खरे आहे, पण ते काय खाल्ले आणि किती वेळ आधी खाल्ले यावर अवलंबून असते. पुरी-भाजी, पराठा, आम्लेट यांत तेल-तूप जास्त, त्यामुळे ते पोटात रेंगाळते. असे जेवण धावण्याच्या तीन तास आधी व्हायला हवे. तास-दीड तास असेल तर दूध-पोहे किंवा ब्रेड-जॅम चालते. आणि हातात फक्त वीस-पंचवीस मिनिटे असतील, तर केळे, दोन खजूर किंवा राजगिऱ्याचा एक लाडू. त्यात तेल जवळजवळ नसते आणि साखर लवकर रक्तात उतरते. एका मध्यम केळ्यात साधारण १०० कॅलरी असतात. पोट जड न करता एवढे पुरते.

दुसरा मुद्दा उस्तादांचा आहे: "पैलवान तरी कुठे खाऊन जोर मारतात?" उस्तादांचे म्हणणे मी मान देऊन ऐकतो. तालमीत बदामाची थंडाई मेहनतीनंतर पितात, हे खरेच आहे. पण पैलवानाचा खुराक दिवसभर चालतो. त्याच्या रात्रीच्या जेवणात कोणी टिंडे बघून ताट सारत नाही. शिवाय चाळीस मिनिटांच्या साध्या पीटीला बऱ्याच जणांना रिकाम्या पोटी काही होत नाही, हे मीही मानतो. ज्याला पहाटे खाणे जात नाही, त्याच्यावर सक्ती नको. पण ऑब्स्टॅकल कोर्स, क्रॉस कंट्री आणि फिटनेस टेस्टच्या दिवशी चित्र वेगळे असते. आणि खायचे की नाही हे ठरवायला आधी ते टेबलावर असावे लागते.

ग्लुकोजच्या डब्याबद्दलही लिहायला हवे, कारण प्रत्येक हाऊसमध्ये तो कोणाच्या तरी लॉकरमध्ये असतोच. चमचाभर पावडर ग्लासभर पाण्यात ठीक आहे. पण अर्ध्या ग्लासात पाच चमचे टाकून प्यायले की ते गोड पाणी पोटात ढवळते आणि धावताना तिथेच कळ येते. आणि सुट्टीवरून येताना जी मुले एनर्जी ड्रिंकचे डबे आणतात, त्यांनी डब्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. ते लहान मुलांसाठी नाही, असे तिथे छापलेलेच असते. त्यापेक्षा उठल्या उठल्या ग्लासभर साधे पाणी प्या. रात्रभर शरीराला पाणी मिळालेले नसते.

खरे तर उत्तर आपल्या ट्रंकांमध्येच आहे. सुट्टी संपली की बिहारच्या मुलाच्या ट्रंकेतून सत्तू निघतो, पंजाबच्या मुलाकडून पिन्नी, आमच्याकडून चिक्की आणि गूळ-शेंगदाणे. सगळे पौष्टिक आहे, पण वेळ ओळखून खावे. पिन्नीत तूप आणि शेंगदाण्यात तेल भरपूर, म्हणून ते पीटीनंतर किंवा खेळाच्या दोन-तीन तास आधी. सत्तू पोट भरतो, तो संध्याकाळच्या गेम्सआधी तासभर तरी आधी पातळ करून घ्यावा. पहाटेसाठी गुळाचा खडा किंवा राजगिऱ्याचा लाडू. पालकांना माझी विनंती आहे: पुढच्या सुट्टीत डब्यात चकल्या आणि फरसाण जरा कमी आणि राजगिऱ्याचे लाडू जरा जास्त द्या. ते महिनाभर टिकावेत असे वाटत असेल तर दोन डबे द्या. डॉर्मिटरीत एक डबा एका रात्रीत संपतो, हे आमच्या सर्व मातांना ठाऊक आहे.

मेस कमिटीकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहाटेच्या चहाबरोबर रोज एक केळे ठेवावे. क्रॉस कंट्रीच्या आदल्या रात्री भात आणि पोळी भरपूर असावी आणि भाजी अशी असावी की आठवीचा मुलगाही ताट सारणार नाही. स्पर्धेच्या सकाळी हलका नाश्ता धावण्याच्या दीड तास आधी मिळावा. या तिन्हींसाठी नवे मशीन लागत नाही, नवा आचारी लागत नाही. लागतो तो फक्त वेळापत्रकात थोडा बदल.

आणि सिनिअर म्हणून आपण एक गोष्ट आजपासून करू शकतो. रात्री मेसमध्ये आपल्या टेबलावरच्या ज्युनिअरचे ताट बघायचे. त्याने पुरेसे खाल्ले नसेल तर त्याला पुन्हा वाढायला लावायचे. आपल्याकडे 'आधी पोटोबा, मग विठोबा' असे म्हणतात. विठोबालाही जे चालते, ते पीटी ग्राउंडला चालायला हरकत नसावी.