दार उघडे, तुकडी बंद

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ पेढे घेऊन आले. त्यांच्या मुलाने अमेरिकेत, बोस्टनजवळच्या एका उपनगरात घर घेतले होते. ते म्हणाले, "फादर, घर महाग पडलं, पण तिथलं हायस्कूल चांगलं आहे. तसल्या मुलांची गर्दी नाही." ‘तसल्या’ म्हणजे कसल्या, हे मी विचारले नाही. विचारावयास हवे होते.

दोष एकट्या त्या गृहस्थांचा नव्हे. अमेरिकन उपनगरे गोरी का, असे विचारले की ज्याला जेथे परवडले तेथे तो राहिला, असे उत्तर मिळते. हे उत्तर अर्धसत्यही नाही. १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे तयार करविले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यांत तांबड्या रंगाने रंगविल्या. पुढे नव्या उपनगरांतील गोऱ्यांच्या कर्जांना सरकारने हमी दिली. कृष्णवर्णीयांना ती नाकारली. तेथील शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणावर स्थानिक घरपट्टीतून चालतो. मग चांगली घरे जेथे, तेथेच चांगली शाळा असणार, यात नवल ते काय?

ही भिंत पाडण्याचा यत्न झाला नाही, असे नाही. डेट्रॉइट शहरातील शाळांमधील वर्णविभागणी मोडावयाची तर भोवतालच्या ५३ उपनगरी शालेय विभागांनाही योजनेत घ्यावे, असे खालच्या न्यायालयांनी ठरविले होते. २५ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते अमान्य केले. उपनगरांनी स्वतः अन्याय केल्याचे सिद्ध झालेले नाही, मग त्यांच्यावर भार का, हा त्यामागचा युक्तिवाद. विरोधी मत नोंदविणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते. १९५४ साली ‘ब्राऊन’ खटल्यात वेगवेगळ्या शाळांची प्रथा मोडून काढणारे वकील तेच. त्या निकालानंतर उपनगराची वेस ओलांडणे बहुतांशी उपनगराच्या मर्जीवर राहिले.

बोस्टनभोवतीच्या काही उपनगरांनी ती मर्जी दाखविली होती, हे मान्य केले पाहिजे. १९६६ साली ‘मेटको’ योजनेखाली शहरातील २२० कृष्णवर्णीय मुले सात उपनगरी विभागांतील शाळांत जाऊ लागली. ही योजना आजही चालू आहे. त्या शाळांत शिकून मोठ्या झालेल्या ६५ जणांच्या मुलाखती सुझन ईटन यांनी घेतल्या. त्यांचे पुस्तक २००१ साली प्रसिद्ध झाले. त्रास सोसावा लागला, तरी पुन्हा त्याच वाटेने जाऊ, असे त्यांतील बहुतेकांनी सांगितले. म्हणून मी या योजनेची थट्टा करणार नाही. माझा प्रश्न यजमानांना आहे. पहाटेच्या अंधारात उठावयाचे कोणी? दिवसभर परक्या वस्तीत वावरून संध्याकाळी घरी परतावयाचे कोणी? बस एकाच दिशेने मुले आणते आणि परत नेते. उपनगरातील मूल शहरातील शाळेत जाऊन बसत नाही. सारा प्रवास, सारे जुळवून घेणे पाहुण्याच्या वाट्याला. यजमानाने केवळ दार उघडावयाचे आणि स्वतःच्या औदार्याचे कौतुक करावयाचे. याला समावेश म्हणतात!

बरे, दार ओलांडल्यावर काय? आपल्याकडे ‘अ’ तुकडी आणि ‘ड’ तुकडी यांतील अंतर कोणाला सांगावयास नको. अमेरिकन हायस्कुलांतही तुकड्या आहेत. नावे निराळी इतकेच. गणित, विज्ञान, इंग्रजी यांचे वरचे वर्ग आणि खालचे वर्ग. प्रवेशद्वारातून सर्व वर्णांची मुले एकत्र आत येतात आणि घंटा झाली की वर्णावर्णांनी वेगळी होतात. शाळेच्या माहितीपत्रकावरील छायाचित्रात मात्र सारी हसत एकत्र उभी असतात.

हे अटळ आहे, असे कोणी म्हणेल तर मी त्याला रॉकव्हिल सेंटर दाखवीन. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील हे गोरे, सुखवस्तू उपनगर. १९५७ साली स्थापन झालेल्या कॅथलिक धर्मप्रांताचे पीठ येथेच आहे. तेथील साउथ साइड हायस्कूलने व त्याखालच्या शाळेने तुकड्या टप्प्याटप्प्याने मोडल्या. वरचा अभ्यासक्रम सर्वांनाच दिला आणि मागे पडणाऱ्यांसाठी जादा तासिका ठेवल्या. १९९६ साली तेथे दाखल होऊन पदवीधर झालेल्या कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक विद्यार्थ्यांपैकी ३२ टक्क्यांनीच राज्याची रीजंट्स पदविका मिळविली होती. गोऱ्या व आशियाई विद्यार्थ्यांचे प्रमाण ८८ टक्के होते. १९९९ साली दाखल झालेल्यांत हेच आकडे ८२ आणि ९७ झाले. म्हणजे दुर्बळांना वर घेतल्याने हुशार खाली ओढले जातात, ही जी पालकांची लाडकी भीती, ती येथे खरी ठरली नाही. मुले तीच, वस्ती तीच, गाव तेच! बदलला तो शिक्षकांचा निश्चय.

अमेरिकेतील बिशपांनी १९७९ साली मेषपालीय पत्र काढून वंशवाद हे पाप आहे, असे स्पष्ट सांगितले. त्या पत्राला माझा मान आहे. परंतु रविवारी वेदीवरून वाचलेले पाप सोमवारी तुकड्यांच्या यादीत कोणाच्या लक्षात येत नाही. आम्हा धर्मगुरूंचीही यात चूक आहे. पाप आम्ही माणसाच्या मनात शोधतो, वेळापत्रकात शोधत नाही.

आणि आपल्या लोकांनी तरी ‘तसल्या’ हा शब्द वापरू नये. १९६५ पूर्वी अमेरिकेच्या कोट्यात भारताच्या वाट्याला वर्षाकाठी अवघ्या शंभर जागा होत्या. तो कोटा मोडणारा कायदा आला तो नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवर. ज्यांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, कुत्रे अंगावर घेतले, त्यांचीच नातवंडे आज आपल्याला ‘तसली’ वाटतात.

त्या गृहस्थांना मी नंतर बोलावून घेतले. मुलाला कळवा, म्हटले, शाळेची टक्केवारी पाहून झाली असेल, तर आता एवढेच विचारून ये: गणिताच्या वरच्या वर्गात बसने येणारी मुले किती आहेत? ते थोडे रागावले. पण पुढच्या रविवारी येऊन म्हणाले, "फादर, तो विचारतोय. शाळेनं अजून आकडा दिलेला नाही."