डिकीतल्या सिलिंडरची तारीख

आमच्या खालांचा धाकटा मुलगा शाळेची व्हॅन चालवतो. सकाळी सात वाजता गल्लीत हॉर्न वाजला की आमची मुलगी अर्धी चपाती हातात घेऊन पळते. दोन वर्षांपूर्वी त्याने व्हॅनला सीएनजी किट बसवले, तेव्हा सगळ्यांत जास्त आग्रह आमचाच होता.

हिशेब साधा होता. व्हॅन दिवसाला 70 किलोमीटर फिरते. पेट्रोलवर लिटरला 14 पडत, म्हणजे रोज पाच लिटर. गॅसवर किलोला 20 पडतात, म्हणजे साडेतीन किलो. लिटरचे शंभर रुपये आणि किलोचे ऐंशी धरले, तर पाचशेच्या जागी दोनशे ऐंशी. रोजचे 220 रुपये वाचले. महिन्यात शाळेचे 22 दिवस म्हटले तरी 4,840 होतात. एका किलो गॅसमध्ये जवळजवळ 1.4 लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते, म्हणून हे जमते. चढावर गाडी थोडी मंद होते आणि डिकीतली जागा जाते, पण त्याला इलाज नाही.

दुसरे कारण आमच्या मुलीचा दमा. शाळा सुटताना फाटकाशी गाड्या चालू ठेवून उभ्या असतात आणि त्यांचा धूर नेमका मुलांच्या नाकाच्या उंचीवर सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलच्या धुराला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो जळताना काजळी नावालाच निघते आणि कार्बन डायऑक्साइडही पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी. दिल्लीत एम. सी. मेहता यांनी 1985 साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै 1998 मध्ये आदेश दिला, की शहरातल्या सगळ्या बस 31 मार्च 2001 पर्यंत सीएनजीवर आणाव्यात. मुदत हुकली, पंपांवर रात्र-रात्र रांगा लागल्या, तरी 2002 संपेपर्यंत शहरातल्या बस गॅसवर आल्या. दिल्लीची हवा आजही वाईट आहे हे खरे. गाड्या बेसुमार वाढल्या आणि धुराची कारणे एकटी बस नव्हे. पण बसच्या मागे उठणारा तो काळा लोट गेला, हेही खरेच.

आमच्या अम्मींना यातले काही पटले नाही. “पोरांच्या पाठीशी बॉम्ब ठेवलात,” हे त्यांचे म्हणणे. आम्ही मास्तरकी केली. म्हटले, अम्मी, हा गॅस हवेपेक्षा हलका. गळला तर वर निघून जातो, घरच्या सिलिंडरच्या गॅससारखा जमिनीलगत साचत नाही. पेटायलाही पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते. आणि वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती लगेच कळते. अम्मी गप्प बसल्या. आम्हाला वाटले, जिंकलो.

आम्ही सांगितले ते चूक नव्हते, पण अर्धे होते. सीएनजी 200 बार दाबाने भरतात. कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. गॅस कितीही चांगला असो, तो ज्या पोलादात कोंडला आहे ते पोलाद धड आहे का, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही.

तो विचारला गेला गेल्या महिन्यात, योगायोगाने. मुलीचा डबा व्हॅनमध्ये राहिला म्हणून आम्ही डिकी उघडली. दप्तरांच्या ढिगाखाली सिलिंडर, आणि शेजारी चाचणीची पट्टी. पुढच्या चाचणीची तारीख उलटून आठ महिने झाले होते. दर तीन वर्षांनी चाचणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे.

“आपा, पंपावर कोणी बघत नाही,” तो म्हणाला. “आणि व्हॅन दोन दिवस उभी राहिली तर पोरांना नेणार कोण?” खोदून विचारले तेव्हा कळले, की किट मान्यताप्राप्त आहे, आरसी बुकावर नोंदही आहे, पण सिलिंडर मात्र ओळखीतून जुना घेतला होता. तेव्हा पैसे कमी पडले. आमच्याकडे मागायला लाज वाटली. आम्ही त्याला बोललो ते जरा जास्तच बोललो. तो जेवता उठून गेला. खालांचा फोन आला, की लहान भावाला असे बोलतात का?

दोन दिवसांनी तो स्वतःच सिलिंडर उतरवून चाचणी केंद्रात घेऊन गेला. आम्हीही सोबत गेलो. सिलिंडर रिकामा करून आतून गंज तपासतात, मग त्यात पाणी भरून 200 बारच्या बऱ्याच वर दाब देतात. पाणीच का? तर ते दाबले जात नाही, म्हणून सिलिंडर फाटला तरी स्फोट होत नाही. दाबाने सिलिंडर किंचित फुगतो. दाब काढल्यावर पूर्ववत झाला तर ठीक, फुगवटा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त राहिला तर बाद. आमचा बाद झाला. तिथल्या माणसाने फार बोलण्यासारखे काही नसल्यागत सांगितले आणि पुढचा सिलिंडर लावायला घेतला. बाद झालेला पुन्हा कोणी वापरू नये म्हणून कापून निकामी करतात.

रिक्षात परत येताना तो काहीच बोलला नाही. त्या सिलिंडरवर रोज अकरा मुलांची दप्तरे असत.

नव्या सिलिंडरसाठी आमच्या भिशीचे पैसे आणि खालांच्या हजसाठी ठेवलेल्यातले थोडे, असे जमले. महिन्याला वाचणारे चार हजार आठशे चाळीस आता तो त्यांनाच परत देतो. त्या काळात चार दिवस पोरांना आम्ही आणि दोन पालकांनी पायी शाळेत नेले आणि आणले. पहिल्या दिवशी तक्रारी झाल्या, नंतर मुलांनाच मजा वाटू लागली.

आता गॅस भरताना तो मुलांना खाली उतरवतो. पूर्वी तेही करत नसे. आणि आमच्या मुलीने वहीच्या मागच्या पानावर पट्टीवरची तारीख लिहून ठेवली आहे. अम्मींनी तिला विचारले, कशाची तारीख? ती म्हणाली, “दादी, चाचूच्या परीक्षेची.”