दूरदेशी निघताना : कोस्टा रिकाची तयारी

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नियमित येणाऱ्या एक काकू मोठ्या उत्साहाने म्हणाल्या, "डॉक्टर, जावयांची बदली मध्य अमेरिकेत झाली आहे. लेक बोलावते आहे. जाऊ ना?" वय ७१, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. बाहेर रुग्णांची रांग होती. मी कागदपत्रांवरून नजरही न उचलता म्हणालो, "काकू, या वयात एवढ्या लांब कशाला?" त्या गेल्या नाहीत. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली आणि तो प्रवास कायमचा राहून गेला. त्यांच्या प्रकृतीत तेव्हा प्रवास नाकारण्यासारखे काही नव्हते. तयारी करून देण्यासाठी लागणारा अर्धा तास मी दिला नाही, एवढेच.

गेल्या महिन्यात एक दांपत्य तसाच प्रश्न घेऊन आले. काका ७२ वर्षांचे. मधुमेह, रक्तदाब आणि तीन वर्षांपूर्वी बसवलेला स्टेंट. काकू ६७ वर्षांच्या. दमा आणि गुडघेदुखी. मुलगी कोस्टा रिकाची राजधानी सान होसे येथे राहते. या वेळी मी कागद पुढे ओढला. त्यावर जे लिहिले, तेच आज वाचकांपुढे ठेवतो आहे. दूरच्या कोणत्याही प्रवासाला त्यातील बरेचसे लागू पडेल.

सहा आठवडे आधी

डिसेंबर ते एप्रिल हा तेथील कोरडा हंगाम. ज्येष्ठांनी शक्यतो तेव्हाच जावे; मे ते नोव्हेंबर या पावसाळ्यात निसरड्या वाटांवर पडण्याचा धोका वाढतो. रक्तातील साखर, मूत्रपिंडाचे कार्य आणि हृदयाची तपासणी सहा आठवडे आधी करावी, म्हणजे औषधांत बदल करायचा झाल्यास त्याचा परिणाम पाहायला वेळ मिळतो. फ्लू, न्यूमोनिया, धनुर्वात, विषमज्वर आणि हिपॅटायटिस 'ए' यांपैकी कोणत्या लसी आपल्याला हव्यात, हेही याच भेटीत ठरवावे.

पीतज्वराविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. भारतातून युरोप वा अमेरिकामार्गे जाणाऱ्यांकडे कोस्टा रिका या लसीचे प्रमाणपत्र मागत नाही. मात्र शेजारचा पनामा भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहे. तेथे फिरून सहा दिवसांच्या आत मायदेशी परतणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची असते आणि साठीनंतर ती प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. "एवढे जातोच आहोत तर पनामा कालवाही पाहून येऊ," असे काका म्हणत होते. केवळ दोन दिवसांच्या सहलीसाठी ही जोखीम पत्करू नये, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी तो बेत सोडला.

प्रवास विमा घेताना 'आधीपासूनचे आजार' हे कलम स्वतः वाचावे. मधुमेह वा स्टेंट लपवून घेतलेला विमा ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

औषधांची पिशवी

औषधे सामानाच्या मोठ्या बॅगेत कधीही टाकू नयेत. बॅग मागे राहिली तर औषधेही मागे राहतात. शिवाय तेथील थंडीत इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. मुक्कामापेक्षा दोन आठवड्यांची औषधे जास्त घ्यावीत, मूळ वेष्टनात ठेवावीत आणि सोबत डॉक्टरांचे पत्र असावे. पत्रात औषधांची मूळ नावे हवीत, कारण आपल्याकडची कंपन्यांची नावे तिकडे कोणी ओळखत नाही. आपले पॅरासिटामॉल तेथे 'आसेतामिनोफेन' या नावाने मिळते. दोन्ही वेगळी समजून एकत्र घेतल्यास मात्रा दुप्पट होते.

तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. आपल्या सकाळच्या आठ वाजता तेथे आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. त्यामुळे कोणती गोळी कधी घ्यायची याचा तक्ता निघण्यापूर्वीच लिहून घ्यावा. रक्तदाबाच्या गोळीला काही तास उशीर झाला तर सहसा बिघडत नाही. घेतली की नाही या संभ्रमात दुसऱ्यांदा घेतली, तर बिघडते. मधुमेहाची गोळी जेवणाशी जोडलेली असेल, तर समोर ताट आल्याशिवाय घेऊ नये. इन्सुलिनचे गणित आपल्या डॉक्टरांकडूनच मांडून घ्यावे.

काकूंचा नेब्युलायझर मी घरीच ठेवायला सांगितला. तेथील वीज १२० व्होल्टची, आपले यंत्र २३० व्होल्टचे. त्याऐवजी इनहेलर आणि स्पेसर न्यावा.

विमानात

भारतातून थेट विमान नाही. दारापासून दारापर्यंत चोवीस तासांहून अधिक वेळ लागतो. अमेरिकामार्गे गेल्यास केवळ विमान बदलण्यासाठीही त्या देशाचा व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. तिकिटासोबतच चाकांच्या खुर्चीची मागणी नोंदवावी. त्यात कमीपणा मानू नये. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दर तास-दीड तासाने उठून चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे आणि झोपेची गोळी टाळावी.

तेथे पोहोचल्यावर

सान होसे सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. हवा सुखद असते. पहिले दोन दिवस केवळ विश्रांतीचे ठेवावेत. इरासू ज्वालामुखीच्या माथ्यापर्यंत मोटार जाते, पण त्याची उंची ३,४०० मीटरहून अधिक आहे. हृदयविकार वा दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेथे जाऊ नये. आरेनालजवळचे गरम पाण्याचे झरे प्रसिद्ध आहेत. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल, तर पाय भाजल्याचे कळत नाही. आधी सोबतच्या व्यक्तीने हाताने पाणी पाहावे, दहा मिनिटांत बाहेर यावे आणि उठताना आधार घ्यावा. रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते.

'गायो पिंतो' म्हणजे भात आणि काळ्या घेवड्याचा पदार्थ आपल्या जिभेला परका वाटणार नाही. मात्र सोबत तळलेली केळी येतात, तेव्हा मधुमेहींनी भाताचे प्रमाण मोजून घ्यावे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारे मलम वापरावे. ताप आल्यास आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळून पॅरासिटामॉलच घ्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी ते परस्पर बंद न करता विचारावे. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी लगेच सुरू करावी. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

आणीबाणीचा क्रमांक ९११. "सोय दियाबेतिको" म्हणजे "मला मधुमेह आहे"; स्त्रियांनी "दियाबेतिका" म्हणावे. ही चिठ्ठी स्पॅनिशमध्ये लिहून खिशात ठेवावी.

परतल्यावर

परतल्यानंतर ताप आला, तर आपण कोठे जाऊन आलो हे डॉक्टरांना प्रथम सांगावे. निदानाची दिशा त्यावर ठरते.

काका-काकू डिसेंबरात निघतील. कागदाची घडी पाकिटात ठेवताना काकूंनी विचारले, "म्हणजे जायला हरकत नाही ना?" हरकत नाही, असे मी या वेळी पूर्ण विचारांती सांगितले. वाचकांनीही आपल्या डॉक्टरांना "जाऊ का?" एवढेच न विचारता "जाण्यासाठी काय करू?" असे विचारावे. आणि उत्तर घाईचे वाटले, तर पुन्हा वेळ मागून घ्यावा.