जुना संगणक भंगारात घालण्याआधी हे वाचा : लिनक्स टाकल्यावर स्वस्तातला वायफाय डोंगल का अडतो?

विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. घरगुती वापरासाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ घेता येते, पण ती तात्पुरती सोय झाली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. गावातली शाळा, वाचनालय, झेरॉक्सचं दुकान इथले बरेच संगणक त्याआधीचे आहेत. मशीन चालतंय, पण कंपनीच्या लेखी ते म्हातारं झालं.

यावर लिनक्स हा बिनपैशाचा पर्याय आहे. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात. आपल्याकडेही लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून जुनी मशीनं पुन्हा कामाला लावता येतात. मात्र मोठी कामं पार पडतात आणि गाडी अडते ती दोनशे-तीनशे रुपयांच्या वायफाय डोंगलवर. डोंगल लावला, दिवा लागला, पण नेटवर्कची यादी रिकामी. मग 'लिनक्स काही कामाचं नाही' असं म्हणून संगणक कोपऱ्यात जातो.

दोष नेमका कुणाचा?

डोंगलच्या आत एक चिप असते. तिच्याशी कसं बोलायचं हे संगणकाला सांगणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. विंडोजसाठी कंपनी तो स्वतः देते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच असतात. तुमच्या चिपचा ड्रायव्हर तिथे असेल तर डोंगल लावला की चालू. नसेल तर कितीही वेळा काढून लावा, उपयोग नाही.

खरी अडचण अशी की खोक्यावर वेग मोठ्या अक्षरात छापतात, चिपचं नाव मात्र छापत नाहीत. त्यातही एकाच मॉडेलच्या पोटात वेगळी चिप निघते. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन ७२२ एन हा प्रसिद्ध डोंगल घ्या. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अॅथेरॉसची चिप होती आणि ती लिनक्सवर उत्तम चालायची. दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची चिप आली. नाव तेच, रूप तेच, पण वागणं वेगळं. म्हणून 'मित्राकडे चालला, माझ्याकडे का नाही?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा चिपमध्येच सापडतं.

आधी मोबाईलची केबल जोडा

नेट चालू करायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, असा हा पेच आहे. तो आपल्या खिशातला फोन सोडवतो. अँड्रॉइड फोन डेटा केबलने संगणकाला जोडा आणि सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला यासाठी सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही. नेट आलं की आधी सगळे अपडेट घ्या आणि संगणक बंद करून चालू करा. काही डोंगल एवढ्यावरच सुरू होतात.

तरीही अडलं तर या क्रमाने पाहा :

१. डोंगल लावल्यावर सीडी किंवा डिस्कसारखं चित्र दिसतं का? काही डोंगल स्वतःला आधी डिस्क म्हणून दाखवतात, कारण त्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. त्या चित्रावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करा आणि थोडं थांबा. अनेकदा डोंगल तेव्हाच वायफायच्या रूपात येतो.

२. टर्मिनल उघडा. एल, एस, यू, एस, बी ही पाच इंग्रजी अक्षरं लहान लिपीत, जोडून लिहा आणि एंटर दाबा. जोडलेल्या वस्तूंची यादी येईल. त्यात डोंगलच्या ओळीत दोन भागांचा आकडा असतो. तोच चिपची खरी ओळख. मदत मागताना खोक्याचा फोटो पाठवू नका, ही ओळ पाठवा.

३. कर्नेल किती जुना आहे ते सिस्टीमच्या माहितीत पाहा. मीडियाटेक ७६०१यू या चिपचा ड्रायव्हर २०१५ पासून कर्नेलमध्ये आहे. रिअलटेकच्या ८८११एयू, ८८२१एयू आणि ८८१२एयू या चिपना मात्र बरीच उशिरा जागा मिळाली; मार्च २०२५ मध्ये आलेल्या ६.१४ कर्नेलमध्ये त्यांचा ड्रायव्हर आहे. लिनक्स मिंट २२.२ मध्ये तो कर्नेल येतो. म्हणजे गेल्या वर्षी अडलेला डोंगल आज नव्या आवृत्तीवर चालू शकतो.

४. वायफाय दिसतं, पण आपलंच नाव दिसत नाही? स्वस्त डोंगल बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसणारच नाही.

बाहेरून ड्रायव्हर आणून टाकणं हा शेवटचा उपाय ठेवा. असा ड्रायव्हर कर्नेल बदलला की बंद पडू शकतो. 'काल चालत होतं, अपडेट घेतलं आणि गेलं' ही तक्रार त्यातूनच येते. त्यामुळे 'डीकेएमएस' पद्धतीने टाकलेला ड्रायव्हर घ्या, तो नव्या कर्नेलसाठी आपोआप पुन्हा तयार होतो. सिक्युअर बूट चालू असेल तर त्या ड्रायव्हरला वेगळी मंजुरीही द्यावी लागते.

विकत घेताना

शाळेने किंवा ग्रामपंचायतीने दरपत्रक मागवताना 'वायफाय डोंगल' एवढंच लिहू नये. चिपचं नाव लिहावं आणि 'लिनक्स कर्नेलमध्ये ड्रायव्हर असलेला' अशी अट घालावी. न चालल्यास परत घेण्याचं दुकानदाराकडून लेखी घ्यावं. दहा संगणकांची खोली असेल तर आधी एकच डोंगल आणून तपासावा.

विंडोज पुसण्याची घाईही नको. लिनक्स पेनड्राइव्हवरून, काही न पुसता चालवून बघता येतं. डोंगल तिथेच लावून पाहा. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी बोटांच्या ठशांचं यंत्र आणि डिजिटल सहीची टोकनही त्याच वेळी तपासावी, कारण अशा अनेक यंत्रांचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनवलेलं असतं. ते चालत नसेल तर ते मशीन बदलू नका. बाकीची बदला.

हजारो रुपयांचं मशीन टाकून द्यायचं की आणखी काही वर्षं वापरायचं, हे अनेकदा या बोटभर डोंगलवर ठरतं. म्हणून आधी चिप बघा, मग पैसे द्या.