‘लागलं नाही ना? मग सोडा’

पुण्यात रोज सायकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा, हा संवाद त्याला पाठ असतो. टँकर, बस किंवा मोटार अगदी कोपराला घासून गेलेली असते. हँडल थरथरतं, एक पाय कसाबसा खाली टेकतो, आणि छातीतली धडधड जरा कमी झाल्यावर गाडीचा नंबर मनाशी घोकत माणूस चौकीत जातो. पहिला प्रश्न येतो, ‘लागलंय का कुठे?’ नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, ‘मग सोडा ना.’ त्यातूनही तो हटला नाही, तर ‘ही आमची हद्द नाही’ किंवा ‘अर्ज देऊन ठेवा’.

असं बोलणारा माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही. गणपतीचा बंदोबस्त, पालखीचा बंदोबस्त आणि वर रोजच्या भांडणतंट्यांची रांग, अशात बसलेल्या अंमलदाराला मनापासून वाटतं, की रक्त आलं नाही, सायकल मोडली नाही, म्हणजे घडलं काहीच नाही. बहुतेक सुशिक्षित पुणेकरांनाही तसंच वाटतं. माझं भांडण या समजाशी आहे. हा समज कायद्याला धरून नाही, आणि सायकलवाल्यांचे जीव त्यामुळेच जातात.

आधी कायदा पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ जुन्या दंडविधानातल्या कलम २७९ चीच गादी चालवतं. सार्वजनिक रस्त्यावर मानवी जीवाला धोका होईल, किंवा कुणाला इजा होण्याचा संभव असेल, इतक्या बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इजा झालीच पाहिजे अशी अट या कलमात नाही. इजा झाली तर कलम १२५ आहे, जीव गेला तर कलम १०६ आहे. कायद्याने अशा पायऱ्या बांधल्या आहेत, आणि सगळ्यांत खालची पायरी मुद्दाम अशी ठेवली आहे की माणूस पडण्याआधीच चालकाला अडवता यावं. आपण ती पायरी वापरायचीच नाही असं ठरवून टाकलं आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ तर आणखी स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक वाहन चालवण्यात काय काय मोडतं ते त्यात लिहून टाकलं : सिग्नल तोडणं, हातात फोन धरून चालवणं, वाहतुकीच्या उलट दिशेने येणं, आणि नियम मोडून दुसऱ्या वाहनाला ओलांडून जाणं. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड आणि सहा महिने ते एक वर्ष कैद, यांपैकी एक किंवा दोन्ही होऊ शकतं. सायकलला चाटून जाणारा चालक यात बसत नाही असं कुणाला म्हणायचं असेल, तर त्याने कलम पुन्हा वाचावं.

न्याय संहितेचं कलम २८१ दखलपात्र आहे. तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर पोलिसांनी तो नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सांगून ठेवलं आहे. हद्दीची सबबही आता चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही भागात घडला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, ईमेलनेही देता येते. मात्र ईमेलने दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्याने ऐकलंच नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येतं, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. म्हणजे रस्ता पूर्ण बांधलेला आहे. त्यावरून कुणाला चालू दिलं जात नाही.

यावर एक आक्षेप असा येतो : नंबर घेतलात ठीक, पण गाडी कोण चालवत होतं हे कसं सिद्ध करणार? ते सिद्ध करायला तक्रारदाराची गरजच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे, त्या वेळी चालक कोण होता हे पोलिसांनी विचारलं की गाडीच्या मालकाला सांगावंच लागतं. एक नोटीस पुरते. व्हिडिओ कोर्टात टिकत नाही, असंही ऐकवलं जातं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं हे खरं आहे. पण ते पुरावा न्यायालयापुढे ठेवताना लागतं, तक्रार घेताना नाही. ज्यांच्या सायकलीवर कॅमेरा आहे त्यांनी मूळ फाइल कापू नये, व्हॉट्सॲपवर फिरवून तिचा दर्जा घालवू नये, कार्ड जसंच्या तसं जपून ठेवावं.

तरीही कॅमेऱ्यावर सगळी भिस्त ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. रात्रपाळी संपवून हडपसरहून घरी निघालेल्या वॉचमनच्या सायकलीवर कॅमेरा नसतो, पेपर टाकणाऱ्या पोराच्याही नसतो. त्यांच्यासाठी चौकातले आणि दुकानांवरचे कॅमेरे आहेत, पण त्यांतलं चित्रण काही दिवसांतच पुसलं जाऊन वर नवं येतं. ‘अर्ज देऊन ठेवा’ म्हणत महिना काढला की पुरावा आपोआप नाहीसा होतो. तक्रार त्याच दिवशी घेण्याला एवढं महत्त्व आहे ते यासाठी.

दुसरा आक्षेप सगळ्यांच्या तोंडी असतो : सायकलवालेच कुठे नियम पाळतात? उलट दिशेने येतात, रात्री दिवा लावत नाहीत. हे खरं आहे आणि चूकही आहे. अशा सायकलस्वाराला पोलिसांनी अडवावं, मी अडवणाऱ्याच्या बाजूने असेन. याच पुण्यात एके काळी सायकलला बत्ती नसली किंवा मागे डबलसीट बसवलं तर पोलीस धरायचे, नगरपालिकेचा कर भरून सायकलला बिल्ला लावावा लागायचा. सायकलवाल्याकडे काटेकोरपणे बघणं या व्यवस्थेला जमत होतं. गुन्हेगार सायकलवाला असताना जे जमायचं, ते तो तक्रारदार म्हणून आल्यावर का जमू नये?

शिवाय दोन चुकांचं वजन सारखं नसतं. माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलोच्या आसपास भरतात, साधी मोटार हजार किलोंच्या वर. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. सायकलवाल्याच्या चुकीत बहुतेक वेळा तो स्वतः मरतो, मोटारवाल्याच्या चुकीतही बहुतेक वेळा सायकलवालाच मरतो. म्हणूनच २०१७ च्या केंद्रीय वाहनचालन नियमावलीने पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी चालकावर टाकली आहे. अपघात दावा न्यायाधिकरणातही जखमीची थोडी चूक निघाली तर भरपाईतून तेवढा वाटा वजा होतो. चालकाची चूक त्यामुळे पुसली जात नाही.

‘तुम्ही रोड टॅक्स भरत नाही’ या आक्षेपावर फार वेळ घालवायला नको. तो कर मोटार वाहनावर आहे आणि राज्याच्या तिजोरीत जातो. महापालिकेचे रस्ते मिळकतकर, जीएसटीच्या बदल्यात मिळणारं अनुदान, विकास शुल्क अशा पैशांतून होतात. घरभाड्यातून आणि प्रत्येक खरेदीतून तो पैसा सायकलवालाही भरतो.

अधिक खोल रुजलेला समज असा, की सायकल ही पहाटे रंगीत कपडे घालून निघणाऱ्या हौशी लोकांची चैन आहे. त्यांनी सांभाळून राहावं, नाहीतर घरी बसावं. हौसेने फिरणाऱ्याचाही जीव तितकाच मोलाचा असतो. इंटेलच्या ३८६, ४८६ आणि पेंटियम प्रोसेसरच्या घडणीत वाटा असलेले अवतार सैनी २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईच्या पामबीच रोडवर साथीदारांबरोबर सायकल चालवत होते. मागून आलेल्या टॅक्सीने त्यांना उडवलं. ते ६८ वर्षांचे होते. त्या दिवशी देशभर बातमी झाली, कारण नाव मोठं होतं. पण २०११ च्या जनगणनेने कामावर जाण्याचं साधन विचारलं, तेव्हा शेती आणि घरगुती उद्योग सोडून काम करणाऱ्यांपैकी साधारण १३ टक्के लोक सायकलने जातात असं निघालं. हे लोक दुधाच्या किटल्या अडकवून जातात, बांधकामावर जातात, धुण्याभांड्याची कामं करायला जातात. मानव विकास कार्यक्रमातून राज्य सरकार आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली देतं. गळीत हंगामात ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांवर अशा मुलींच्या शेजारून उसाने ओसंडणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात. संध्याकाळी त्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, कित्येकदा रिफ्लेक्टरही नसतो. सरकारने मुलीच्या हातात सायकल दिली, तर तिला रस्त्याकडेच्या चरात ढकलणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर नोंदवून घेणं हेही सरकारचंच काम आहे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार मेले. हे सगळे काही हौशी नव्हते.

‘वेगळे ट्रॅक करा म्हणजे प्रश्न मिटेल’ असं म्हणणारे बहुधा सायकलवाल्यांचे हितचिंतक असतात, म्हणून त्यांच्याशी जरा जपून वाद घालतो. ट्रॅक हवेतच. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्याआधी बीआरटीच्या काळातही ट्रॅक झाले. त्यांवरून आज जाऊन बघा : मध्येच पार्किंग, पुढे विजेची डीपी, त्यापुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक, आणि चौक आला की ट्रॅक संपतो. पण उद्या सगळे ट्रॅक उत्तम झाले तरी प्रत्येक गल्लीला, पुलाला आणि खेड्यातल्या रस्त्याला ट्रॅक होणार नाही. ट्रॅक नसेल तिथे सायकलस्वार गाड्यांच्याच रस्त्यावर असणार, तिथे असण्याचा त्याला हक्क आहे, आणि कायद्याने त्याला तिथेच सांभाळलं पाहिजे.

हे जमू शकतं का? इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी २०१६ मध्ये एक सोपी गोष्ट केली. साध्या कपड्यांतला पोलीस सायकलवर बसवला. जो चालक त्याला घासून गेला, त्याला पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांनी थांबवलं आणि रस्त्याच्या कडेला जमिनीवर चटई पसरून किती अंतर सोडायचं ते दाखवलं. ज्याचं चालवणं जास्त धोकादायक होतं त्याच्यावर कारवाई केली. त्याच सुमारास वेल्समध्ये नागरिकांच्या कॅमेऱ्यांतली चित्रणं पोलिसांनी ऑनलाइन स्वीकारायला सुरुवात केली. २०२२ मध्ये ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये आकडा आला : ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर, वेग जास्त असेल तर त्याहून अधिक.

इथे लगेच विचारलं जातं, लक्ष्मी रोडवर दीड मीटर कुठून आणायचं? जागा नसेल तर ओलांडायचं नाही, मागे राहायचं. ताशी १५ किलोमीटरने चालणारी सायकल शंभर मीटर जायला २४ सेकंद घेते. ताशी ३० ने निघालेली मोटार १२ सेकंद घेते. एकूण नुकसान बारा सेकंदांचं. पुढच्या सिग्नलला ते भरूनही निघतं.

आपल्याकडे नागरिकांनी पाठवलेल्या फोटोवर कारवाई करण्याची सवय काही शहरांनी लावून घेतली आहे. बेंगळुरूमध्ये सुरू झालेलं ‘पब्लिक आय’ आणि दिल्लीचं ‘ट्रॅफिक प्रहरी’ ही त्याची उदाहरणं. पण हेल्मेट नसणं किंवा नो-पार्किंग एका फोटोत दिसतं. सायकलला घासून जाणं दिसायला काही सेकंदांचं चित्रण लागतं, ते पाहणारा प्रशिक्षित माणूस लागतो, आणि किती अंतर सोडायचं याचा लिखित आकडा लागतो. आपल्या नियमावलीत काळजी घ्या एवढंच आहे, आकडा नाही. तो यायला हवा.

त्याहूनही मला निकडीची वाटते ती नोंद. रस्ते मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे पाचशे मीटरचा पट्टा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, किंवा दहा मृत्यू. तोवर त्या जागी किती सायकली घासल्या गेल्या, किती मुली चरात उतरल्या, याला कुठल्याही कागदावर जागा नाही. ‘लागलं नाही ना? मग सोडा’ म्हणत परत पाठवलेल्या प्रत्येक तक्रारीबरोबर ती जागा आणि तो नंबर, दोन्हीही नजरेआड होतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक वाहतूक शाखेने इजा न झालेल्या घटनांचीही वेगळी नोंदवही ठेवावी, त्यात वेळ, ठिकाण आणि नंबर लिहावा, तक्रारदाराला शिक्क्यासह पोच द्यावी. एकाच टँकरचा किंवा एकाच ठेकेदाराच्या बसचा नंबर दुसऱ्यांदा आला की मालकाला कलम १३३ ची नोटीस जावी आणि प्रकरण आरटीओकडे पाठवावं. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत मृतांच्या आकड्यांशेजारी ही वही उघडली जावी. आणि सायकलवाल्यांनी लागलं नसलं तरी जावं, कलम २८१ आणि १८४ अर्जात लिहावं, आणि पोच हातात पडल्याशिवाय चौकीतून उठू नये.