ग्रंथांची दावण आधी सोडा

आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे सांगलीत शाळकरी पोरांनाही पाठ असते. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर चढले आणि दीडशे वर्षांचा वारसा सांगणाऱ्या सांगली जिल्हा नगर वाचनालयात शिरले. हजारो पुस्तकांचा लगदा झाला. त्याआधी 2005 चा महापूर येऊन गेला होता, नंतर 2021 मध्ये पाणी पुन्हा आले. अशा पुराला अनपेक्षित म्हणता येणार नाही.

भिजलेले पुस्तक फुगते. दाटीने लावलेली पुस्तके फुगून कपाटात इतकी घट्ट बसतात की ओढताना पुठ्ठा हातात येतो. गुळगुळीत कागदाची पाने वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. म्हणून जगभरचे जाणकार भिजलेले ग्रंथ आधी गोठवतात आणि मग सवडीने वाळवतात. तासगाव-मिरज पट्ट्यात बेदाण्यासाठी शीतगृहे आहेत. तिथल्या थंडीत ग्रंथ गोठणार नाहीत, पण बुरशीचा वेग मंदावेल आणि हाताशी चार दिवस मिळतील. त्यांच्याशी करार मे महिन्यातच व्हायला हवा. पाणी दारात आल्यावर ट्रकही मिळत नाही.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या ग्रंथालयांना पुरापेक्षा गळके छप्पर, दमट भिंती आणि जुनी वायरिंग यांची भीती अधिक. याच जिल्ह्यात कृष्णाकाठच्या वाईत 1916 मध्ये स्थापन झालेली प्राज्ञपाठशाळा आहे, धर्मशास्त्रावरच्या धर्मकोशाचे काम तिथेच झाले. अशा संस्थेतल्या छापील पुस्तकाची दुसरी प्रत मिळू शकते. हस्तलिखिताची मिळत नाही.

उपाय आवाक्यातले आहेत. दुर्मीळ ग्रंथ, दफ्तरे आणि दाखल नोंदवही तळमजल्यावर नकोच. आधी काय उचलायचे याची यादी दारामागे लावावी, प्रत्येक कपाटापुढे उचलणाऱ्याचे नाव लिहावे. दुर्मीळ पानांचे स्कॅन दुसऱ्या गावी ठेवावे. शासनाने ग्रंथालयांचे अ, ब, क, ड वर्ग ठरवताना ग्रंथसंख्येबरोबर ही तयारीही तपासावी आणि त्यासाठी वेगळे अनुदान द्यावे.

पाणी वाढू लागले की नदीकाठचा शेतकरी आधी दावणीची जनावरे सोडतो. कुणी काय न्यायचे, हे घरात ठरलेले असते. ग्रंथालयांतही ते ठरले पाहिजे, आणि तेही मृगाच्या पावसाआधी.