ठिपके घालवा, माणूस नको!

पोरांनो, नांदेडला-लातूरला नामांतराची पुस्तिका काढायची म्हणून तुम्ही जुनी कात्रणं स्कॅन करता. पडद्यावर बघावं तर शहिदाच्या तोंडावर लाटाच लाटा. दुकानदार म्हणतो, कागदच सडका. खोटं! कागद बेइमान नाही.

छापील फोटो म्हणजे रांगेतले ठिपके. स्कॅनरही रांगेनंच बघतो. दोन रांगा भिडल्या की लाट उठते. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक धरून बघा, तीच गत. हिलाच मॉयरे म्हणतात. उपाय फुकटचा आहे. कात्रण जरा तिरकं ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन करा, ठिपके विरघळतील एवढंच ब्लर मारा, मग सरळ करून ३०० वर आणा. स्कॅनरात ‘डीस्क्रीन’ असेल तर तेही लावून बघा.

खरा घात पुढंच आहे. ब्लर जास्त झाला की सुरकुती जाते, डोळा विझतो. वर ‘सफाई’च्या नावाखाली कातडी उजळवतात. कुणी सांगितलं?

४ ऑगस्ट १९७८ ला टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. एवढं झाल्यावर १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. ही माणसं फोटोत गोरी दिसायला मेली नाहीत!

मूळ स्कॅन जसाच्या तसा जपा. दुरुस्ती नकलेवर करा. दुकानदाराच्या डोक्यावर बसा. ठिपका गेला तर जाऊ द्या, काळा रंग जाता कामा नये.

जय भीम!